ऑपरेटिंग सिस्टिम, मुक्त स्रोत : डिक्लरेटिव्ह व पारंपरिक (डेस्कटॉपसाठी निवड, मुंबई उपनगरे)

घर, शाळा किंवा लहान कार्यालयातील संगणकासाठी मुक्त स्रोत ऑपरेटिंग सिस्टिम निवडताना समोर येणारे दोन प्रकार. पारंपरिक प्रकारात (डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट, फेडोरा, सी-डॅकची बॉस) वापरणारा एकेक आज्ञा देऊन यंत्र घडवत जातो : आज फाँट, उद्या प्रिंटर. दोन वर्षांनी त्यात काय काय बसवले, हे बसवणाऱ्याच्या आठवणीवर राहते. डिक्लरेटिव्ह, म्हणजे वर्णनाधारित प्रकारात (निक्सओएस, गीक्स सिस्टिम) वापरकर्ते, कीबोर्ड, फाँट, प्रिंटर, वेळेचा विभाग असे यंत्राचे सगळे वर्णन मजकुराच्या फाइलीत लिहितात आणि त्यावरून यंत्रणा बांधली जाते. प्रत्येक बांधणी ‘पिढी’ म्हणून जपली जाते. नवी बिघडली तर संगणक सुरू होताना जुनी निवडता येते. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस हे प्रोग्रॅम दोन्हीकडे तेच असतात.

उगम : डेबियनची घोषणा इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये केली. एल्को डोल्स्ट्रा यांनी उट्रेख्त विद्यापीठात निक्सची मांडणी केली; त्यांचा प्रबंध २००६ चा. त्याच कल्पनेवरील गीक्स २०१२ मध्ये आले.

उपनगरांतील पूर्वपीठिका : या विषयाचा मुंबईतील इतिहास जुहूपासून सुरू होतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका केंद्रातून १९८५ मध्ये नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी (एनसीएसटी) ही संस्था वेगळी झाली व पुढे जुहूच्या गुलमोहर मार्गावर स्थिरावली. भारताच्या ‘.इन’ या इंटरनेट नावाची नोंदणी २००५ पर्यंत येथूनच चाले. एनसीएसटीच्या ‘इंडिक्स’ प्रकल्पाने लिनक्सवर देवनागरी दाखवण्याचे काम एक्स विंडो या चित्रस्तरावरच केले, म्हणजे वरचे प्रोग्रॅम बदलण्याची गरज कमी व्हावी. पुढे हे काम पँगो व हार्फबझ या वरच्या थरांतील लायब्रऱ्यांकडे गेले. तरी जोडाक्षर लावणे ही यंत्रणेची जबाबदारी आहे, प्रत्येक प्रोग्रॅमची नव्हे, हा विचार येथे लवकर झाला आणि त्याचे श्रेय जुहूला पुरेसे मिळालेले नाही. सुलेखनकार व कवी र. कृ. जोशी (१९३६–२००८) पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रातून या संस्थेत आले. ‘रघु’ हा देवनागरी फाँट येथलाच. विंडोजमधील ‘मंगल’ही त्यांचाच. एनसीएसटी पुढे सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत विलीन झाली. सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ आणली. ती सर्वार्थाने पारंपरिक प्रकारातील आहे.

पवईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ व ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पांनी लिनक्सचे धडे मराठी आवाजात उपलब्ध केले. हे धडे उबुंटू घराण्याच्या पडद्यावर दाखवलेले आहेत. विद्याविहारच्या फ्रॅपे कंपनीच्या ईआरपीनेक्स्ट या व्यवसाय-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरची बसवणीही प्रामुख्याने उबुंटू-डेबियन गृहीत धरून लिहिलेली असते. पारंपरिक प्रकाराचे खरे बळ हेच आहे : अडल्यावर विचारायला माणूस सापडतो आणि त्याने सांगितलेली आज्ञा आपल्या यंत्रावर चालते.

मराठी लेखन : डेबियनवर आयबस व एम१७एन ही टंकलेखनाची साधने आणि लोहित फाँट यांची पॅकेजे बसवावी लागतात, लोकेल (भाषा व प्रदेशाची नोंद) निवडावे लागते आणि कीबोर्ड जोडावा लागतो. या निवडी यंत्रात वेगवेगळ्या ठिकाणी साठतात आणि यंत्र नव्याने बसवताना पुन्हा कराव्या लागतात. निक्सओएसमध्ये यांतले बहुतेक काही ओळींत लिहून ठेवता येते व ती फाइल दुसऱ्या यंत्रावर नेता येते. एक बारकावा बहुतेक मार्गदर्शिकांत सुटतो. नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिलेले असतात, पण मजकुराची भाषा मराठी असल्याचे यंत्रणेला कळले तरच ते उमटतात. इंटरफेस इंग्रजी असेल तर अनेक प्रोग्रॅमांत हिंदी वळण दिसते. दुसरी भाषा मराठी नोंदवली की हे टळू शकते. अशी नोंद एकदा लिहून कायम राहणे हा प्रस्तुत नोंदकाराच्या मते डिक्लरेटिव्ह प्रकाराचा मराठी वापरकर्त्याला होणारा सर्वांत मोठा लाभ आहे. श्रीलिपीच्या बिगर-युनिकोड फाँटांत केलेल्या जुन्या फाइलींना मात्र दोन्ही प्रकार सारखेच परके. त्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात.

यंत्रसामग्री : विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न चालणाऱ्या, पण धडधाकट यंत्रांच्या बाबतीत हा निवडीचा प्रश्न आता घरोघरी येतो. चार जीबी मेमरी व १२८ जीबी एसएसडीच्या लॅपटॉपवर निक्सओएसची अडचण होते : वर्णनावरून बांधणी ठरवताना मेमरी बरीच लागते आणि जुन्या पिढ्या वेळोवेळी काढल्या नाहीत तर डिस्क भरते. ३२ बिटी यंत्रासाठी डेबियन १३ मध्येही इन्स्टॉलर उरलेला नाही.

कॅननचा एलबीपी २९०० हा भारतात फार खपलेला लेझर प्रिंटर कंपनीच्या स्वतंत्र ड्रायव्हरवर चालतो. असे तयार बायनरी ड्रायव्हर फाइलींची नेहमीची जागा गृहीत धरतात. निक्सओएसमध्ये सगळे ‘निक्स स्टोअर’ या वेगळ्या फोल्डरात राहत असल्याने ते जसेच्या तसे चालत नाहीत. डिजिटल सहीच्या टोकनांसोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरचेही तेच. ईपास २००३ या टोकनाला मात्र ओपनएससी या मुक्त सॉफ्टवेअरचा आधार आहे. म्हणून अशी टोकने रोज लागणाऱ्या करसल्लागाराच्या कार्यालयात डेबियन किंवा उबुंटूच ठेवावे.

आधाराचा काळ : निक्सओएसची आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते व सुमारे सात महिने सांभाळली जाते. डेबियन स्टेबलला दीर्घ आधार धरून पाच वर्षे मिळतात, उबुंटू एलटीएसलाही तितकीच. मुलुंडला आईवडिलांकडे एक संगणक, आणि तो सांभाळणारा मुलगा पुण्यात किंवा परदेशात, अशा घरी हा फरक निर्णायक ठरतो. बोरिवलीच्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उलट आहे : वीस यंत्रे एकसारखी हवी असतात, सांभाळणारा प्रशिक्षित असतो, आणि एकच वर्णन सगळीकडे लावता येते.

गीक्स : डीफॉल्ट बांधणीत बंद फर्मवेअर नसल्याने अनेक लॅपटॉपांचे वायफाय चालत नाही.

मतभेद : नवशिक्याने निक्सओएसपासून सुरुवात करावी की नाही, यावर जाणकारांत एकमत नाही. २०२४ मध्ये निक्स प्रकल्पाच्या कारभारावरून वाद झाला.

मिश्र मार्ग : निक्स हा पॅकेज मॅनेजर डेबियन किंवा उबुंटूवर स्वतंत्रपणेही बसतो. त्यासोबत होम मॅनेजर हे साधन वापरून आपल्या खात्यापुरते प्रोग्रॅम व सेटिंग्ज वर्णनात लिहिता येतात; प्रिंटर व टोकन मूळ यंत्रणेकडे राहतात. वैयक्तिक कागदपत्रांची प्रत मात्र तिन्ही मार्गांत वेगळी घ्यावी लागते, कारण जुन्या पिढीवर परतल्याने होम फोल्डरातील फाइली परत येत नाहीत.