एका जुन्या खुनाचा फेरतपास आणि साक्षीदाराची सनद

शेकडो वर्षांपूर्वीच्या राजावर खुनाचा आरोप असेल आणि तो शाळेच्या पुस्तकात छापून पक्का झाला असेल, तर त्याचा फेरतपास कोणी करायचा? जोसेफिन टे या स्कॉटिश लेखिकेने हे काम एका पोलीस अधिकाऱ्याकडे सोपवले. तिची ‘द डॉटर ऑफ टाइम’ ही कादंबरी १९५१ साली आली. ब्रिटनमधल्या गुन्हेकथा लेखकांच्या संघटनेने १९९० मध्ये शंभर उत्तम गुन्हेकथांची यादी केली, तेव्हा तिला पहिला क्रमांक मिळाला. मला ती रहस्यकथेपेक्षा इतिहास कसा वाचावा याचा धडा म्हणून महत्त्वाची वाटते.

स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर ग्रँट पाय मोडून इस्पितळात पडला आहे. वेळ जावा म्हणून मैत्रीण त्याला जुनी चित्रे आणून देते. त्यातला एक चेहरा त्याला गुन्हेगाराचा वाटत नाही. तो असतो इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड, पुतण्यांचा खुनी म्हणून बदनाम झालेला.

प्रकरण असे. चौथा एडवर्ड एप्रिल १४८३ मध्ये वारला. त्याची बारा आणि नऊ वर्षांची मुले टॉवर ऑफ लंडनमध्ये ठेवली गेली. जूनमध्ये त्यांचा काका रिचर्ड स्वतः राजा झाला आणि पुढे ती मुले दिसेनाशी झाली. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड मारला गेला, सातवा हेन्री गादीवर आला. पुढे शेक्सपियरने रिचर्डला रंगभूमीवरचा कुबडा खलनायक करून टाकले.

ग्रँट पोलिसी प्रश्न विचारतो: साक्षीदार कोण? खुनाची सविस्तर हकीकत सांगतो टॉमस मोर. पण मोरचा जन्म १४७८ चा. घटनेच्या वेळी तो पाच वर्षांचा होता. लहानपणी तो जॉन मॉर्टनच्या घरी वाढला आणि मॉर्टन हा रिचर्डचा शत्रू, पुढे हेन्रीचा चॅन्सलर.

हदीस तपासणाऱ्या विद्वानांनी हाच प्रश्न हजार वर्षांहून आधी शिस्तीने विचारला होता. सांगणारा कोण? त्याची स्मरणशक्ती कशी? ज्याच्याकडून ऐकले म्हणतो, त्याला तो खरोखर भेटला होता का? साखळीतला एक रावी कच्चा निघाला की कथन जईफ ठरे. मराठीत वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा बखरींपेक्षा अस्सल पत्रांना मान दिला, तोही याच कारणाने.

ग्रँट पुढे हेतू शोधतो. १४८४ च्या संसदेच्या कायद्याने एडवर्डची मुले अनौरस ठरली होती. हेन्रीने तो कायदा रद्द करून त्याच्या प्रती नष्ट करायला लावल्या, कारण त्याला त्या मुलांच्याच बहिणीशी लग्न करायचे होते. पण बहीण औरस ठरली की भाऊही औरस ठरतात आणि त्यांचा हक्क हेन्रीच्या आधी येतो. म्हणजे मुले जिवंत असणे हेन्रीलाही परवडणारे नव्हते. ग्रँट रिचर्डला सोडतो आणि हेन्रीला पकडतो.

इथे मात्र मी ग्रँटबरोबर शेवटपर्यंत जात नाही. डॉमिनिक मान्चिनी हा इटालियन १४८३ मध्ये लंडनमध्ये होता. थोरल्या राजपुत्राला संपवल्याचा संशय लोकांत आहे, हे त्याने त्याच वर्षी लिहून ठेवले. ते हस्तलिखित १९३६ मध्ये छापले गेले होते. म्हणजे ही कुजबुज हेन्रीच्या दरबारात जन्मलेली नाही. शिवाय मुले रिचर्डच्याच ताब्यात होती आणि त्याने ती लोकांपुढे आणून संशय मिटवला नाही. ग्रँटला चेहरा आवडला आणि मग पुरावे त्या बाजूने लागत गेले.

२०१२ मध्ये लेस्टर शहरात गाड्यांच्या तळाखाली रिचर्डचा सांगाडा सापडला. कणा खरोखर वाकडा होता, पण कथेतला वाळलेला हात नव्हता. आरोपांपैकी एकात तथ्य निघाले, दुसऱ्यात नाही. टॉवरमध्ये १६७४ साली सापडलेली मुलांची हाडे वेस्टमिन्स्टर ॲबेत आहेत. ती कोणाची, हे आजही ठरलेले नाही.

आपल्याकडे मध्ययुगीन सुलतान-बादशहांवरचे आरोप रोज फिरतात आणि त्यांचा हिशेब आजच्या शेजाऱ्याकडे मागितला जातो. अशा वेळी ‘सनद दाखवा’ म्हणणे आपला हक्क आहे. पण त्याच बादशहाचे गुणगान करणारा मेसेज आला की आपण सनद न विचारता पुढे पाठवतो. त्याच्या दरबारी इतिहासकाराचा पगार कोण देत होता, हे तेव्हा आपल्याला आठवत नाही. फेरतपास मागायचा असेल, तर आपल्याला आवडणाऱ्या साक्षीदाराचीही उलटतपासणी व्हायला हवी. मरून गेलेल्या राजाला निर्दोष ठरवण्याची जबाबदारी आपल्यावर नाही. त्याच्या गुन्ह्यासाठी कोणी आपल्याला दोषी ठरवू नये, एवढीच आपली मागणी आहे आणि ती राजा दोषी निघाला तरी तितकीच रास्त राहते.