गॅरिंचा: लोकांचा आनंद आणि कोऱ्या कागदावरची सही



ब्राझीलचा फुटबॉल म्हटलं की आपल्याला पहिला आठवतो पेले. साहजिकच आहे. १९७७ साली कॉसमॉस संघाबरोबर कोलकात्याला येऊन तो मोहन बागानविरुद्ध खेळूनही गेला. पण जुन्या पिढीतल्या ब्राझिलियन माणसाजवळ विषय काढून बघा. पेलेबद्दल तो आदराने बोलेल आणि गॅरिंचाबद्दल प्रेमाने. पेले हा 'राजा', तर गॅरिंचा म्हणजे 'लोकांचा आनंद'. लोकांच्या या आनंदाची त्याच्या मालकांनी काय किंमत केली, ती हकीकत मला सांगायची आहे.

त्याचं खरं नाव मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस. जन्म ऑक्टोबर १९३३ चा, रिओ राज्यातल्या पाऊ ग्रांदे गावी. गिरणगाव म्हटलं की आपल्याला लालबाग-परळ आठवतं, इथे तर अख्खं गावच एका कापड गिरणीच्या जिवावर उभं होतं. वडील गिरणीत पहारेकरी, दारूचं व्यसन जबर. पोरगाही चौदाव्या वर्षी गिरणीत लागला. कामात लक्ष शून्य, पण गिरणीच्या फुटबॉल संघाला तो हवाच असे. 'गॅरिंचा' (ब्राझीलमध्ये उच्चार साधारण 'गाहिंशा') हे एका चिमुकल्या पक्ष्याचं नाव. बहिणीने ते ठेवलं आणि तेच जगभर झालं.

पायांची गोष्ट तर विलक्षणच. एक पाय दुसऱ्यापेक्षा काही सेंटिमीटर आखूड, आणि दोन्ही पाय एकाच दिशेला वाकलेले. असा माणूस नीट चालला तरी खूप, असं कुणीही म्हणालं असतं. हा मात्र उजव्या बगलेवर विंगर म्हणून खेळला. युक्ती म्हणाल तर एकच: डावीकडे जातोय अशी हूल द्यायची आणि उजवीकडून निसटायचं. आपल्याकडे खो-खोत पळणारा देतो तशीच हूल. समोरच्या बचावपटूला हे पक्कं माहीत असायचं, तरी तो दरवेळी फसायचा. कारण शरीर कुठे झुकतंय यावरून अंदाज बांधायचा, तर या वाकड्या पायांवरचं शरीर भलतीकडेच झुकलेलं दिसायचं!

१९५३ साली तो रिओच्या बोताफोगो क्लबात चाचणीला गेला. समोर होता नील्तोन सांतोस, राष्ट्रीय संघाचा बचावपटू. गॅरिंचाने त्याला सहज चकवलं. याला आत्ताच्या आत्ता घेऊन टाका, निदान मला याच्याविरुद्ध तरी खेळावं लागणार नाही, असं सांतोसने म्हणे क्लबला सांगितलं.

१९५८ च्या स्वीडनमधल्या विश्वचषकात पहिल्या दोन सामन्यांत त्याला बाहेर बसवलं होतं. संघाबरोबर एक मानसशास्त्रज्ञ होता. त्याच्या चाचण्यांत गॅरिंचाला फारच कमी गुण पडले होते. मग १५ जून रोजी रशियाविरुद्ध तो आणि सतरा वर्षांचा पेले एकदम मैदानात आले. पहिल्याच मिनिटात गॅरिंचाचा फटका गोलपोस्टवर आदळला, पाठोपाठ पेलेचा आडव्या दांड्यावर, आणि तिसऱ्या मिनिटाला वावाने गोल केला. गोलात लेव्ह याशिनसारखा माणूस उभा असताना! फ्रेंच पत्रकार गाब्रिएल आनोने त्याला फुटबॉलच्या इतिहासातली सर्वोत्तम तीन मिनिटं म्हटलं. अंतिम सामन्यात स्वीडनने आधी गोल केला, तेव्हा गॅरिंचाने उजवीकडून दोनदा मुसंडी मारून वावाला दोन क्रॉस दिले. दोन्ही गोल जवळपास एकसारखे. निकाल ५-२.

पण त्याचा खरा विश्वचषक १९६२ चा, चिलीमधला. दुसऱ्याच सामन्यात पेले जखमी होऊन स्पर्धेबाहेर गेला. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध गॅरिंचाचे दोन गोल, त्यातला एक हेडर आणि एक लांबून मारलेला वळणदार फटका. उपांत्य फेरीत यजमान चिलीविरुद्ध आणखी दोन. त्याच सामन्यात सतत लाथा खाऊन शेवटी यानेही एक मारली आणि पंचांनी त्याला बाहेर काढलं. सुनावणीच्या वेळी ती लाथ पाहिलेला लाइन्समन हजरच नव्हता, त्यामुळे अंतिम सामना खेळायला परवानगी मिळाली. अंगात ताप असताना तो खेळला आणि ब्राझील ३-१ ने जिंकलं.

आता पडद्यामागे चला. याच माणसापुढे बोताफोगोचे अधिकारी कोरा करार ठेवत, तो सही करी आणि आकडा मागाहून भरला जाई. क्लब परदेश दौऱ्यांवर पैसे कमवायचा, आणि गॅरिंचा खेळणार नसेल तर बिदागी कमी मिळायची. म्हणून गुडघा दुखत असताना इंजेक्शन देऊन त्याला उतरवलं जाई. शस्त्रक्रिया झाली १९६४ साली, तोवर गुडघ्याची पार वाट लागली होती. क्लब सोडून जावं म्हणाल तर तेही हातात नाही. ब्राझीलमध्ये तेव्हा 'पासे' नावाची पद्धत होती: करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क क्लबचाच. एनओसीशिवाय नोकरी बदलता न येण्याचे दिवस आखातातल्या आपल्या जुन्या मंडळींनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९६६ साली बोताफोगोने त्याला कोरिंथियन्सला विकलं. त्याच वर्षी विश्वचषकात बल्गेरियाविरुद्ध पेले आणि तो शेवटचे एकत्र खेळले. हे दोघं मैदानात असताना ब्राझील कधीच हरलं नाही. पुढच्या सामन्यात पेले नव्हता आणि हंगेरीने ३-१ ने हरवलं. गॅरिंचा ब्राझीलकडून खेळताना झालेला हा एकमेव पराभव, आणि तोच त्याचा देशाकडून शेवटचा सामना.

घरची बाजूही सांगायला हवी, नाहीतर तो नुसता बिचारा ठरेल. पहिल्या बायकोला आणि आठ मुलींना सोडून तो सांबा गायिका एल्झा सोआरेसबरोबर राहू लागला. लोकांनी राग काढला तो एल्झावर. १९६९ साली तो चालवत असलेल्या गाडीला अपघात होऊन एल्झाची आई गेली. दारू वाढतच गेली. १९७३ च्या डिसेंबरात माराकाना मैदानावर त्याच्यासाठी निरोपाचा सामना झाला, लाखाहून जास्त लोक आले. २० जानेवारी १९८३ रोजी यकृताच्या विकाराने तो गेला, वय फक्त ४९. एल्झाही गेली ती २० जानेवारीलाच, ३९ वर्षांनी, २०२२ साली.

'पासे' पद्धत १९९८ च्या कायद्याने मोडीत निघाली. त्याला म्हणतात 'पेले कायदा', कारण तेव्हा क्रीडामंत्री पेले होता. पेलेला व्यवहार कळायचा, आणि त्याचा फायदा पुढच्या पोरांना झाला. गॅरिंचाच्या वाट्याला मात्र ब्राझिलियातल्या भल्यामोठ्या स्टेडियमवरचं नाव आलं. २०१४ च्या विश्वचषकासाठी ते नव्याने बांधलं, तेव्हा खेळापेक्षा खर्चामुळेच जास्त गाजलं. आणि २०१७ साली बातमी आली की त्याच्या अस्थी दफनभूमीत नेमक्या कुठे आहेत, हेच कुणाला सांगता येत नाही.

आपण करारातलं प्रत्येक कलम दोनदा वाचणारी माणसं. गॅरिंचाला भोळा म्हणून मोकळं होणं आपल्याला सोपं आहे. पण कोऱ्या कागदावर सही करणारा भोळा असेल, तर तो कागद पुढे करणाऱ्याला काय म्हणायचं?

असो. तुमच्यापैकी कुणी ब्राझीलमध्ये राहिलं असेल, तिथल्या म्हाताऱ्या मंडळींकडून गॅरिंचाबद्दल काही ऐकलं असेल, तर जरूर लिहा. वाचायला आवडेल.