केस पेपरच्या खिडकीपलीकडं

बारावीचा निकाल लागला की दोन-चार पालक घरी येतातच. परवा गल्लीतल्या एक वहिनी आल्या, हातात रंगीत माहितीपत्रक. "भाऊजी, पोरगी हॉस्पिटल मॅनेजमेंटला जाते म्हणतीय. चांगलं असतंय का ओ ते?"

पत्रकात लिहिलं होतं : या क्षेत्रात दहा वर्षांत २८ टक्के नोकऱ्या वाढणार. आकडा खोटा नाही. फक्त तो अमेरिकेचा आहे. तिथल्या कामगार खात्यानं २०२२ ते २०३२ साठी काढलेला. तिथं या कामाचा मधला पगार २०२३ मध्ये वर्षाला १ लाख १० हजार डॉलरच्या घरात होता. वहिनींची पोरगी नोकरीला जाणार मिरजेत. म्हणून म्हटलं, आपल्याकडं हे काम आलं कुठनं, ते एकदा लिहावं.

सुरुवात मिरजेपासनंच करावी लागते. डॉ. विल्यम वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ ला उभं राहिलं. त्याआधी, १८९१ ला कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली होती, त्यामुळं लांबलांबचे पेशंट थेट गाडीनं उतरायचे. शस्त्रक्रिया, शिकवणं, पुढं कुष्ठरोग्यांसाठी सोय, १९२० च्या सुमारास क्षयरोगाचा दवाखाना (वानलेसवाडी हे नाव तिथलंच). एवढा पसारा म्हटल्यावर नोंदी आल्या, देणग्यांचा हिशोब आला, औषधांचा साठा आला. पण इतिहासात नाव राहिलं डॉक्टरांचं. रजिस्टर लिहिणाऱ्याचं नाव कोण ठेवतंय?

पुढं १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आला, १९६२ ला मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज निघालं, खासगी दवाखाने वाढत गेले. तरी खासगीतलं ऑफिस घरगुतीच राहिलं. काउंटरवर डॉक्टरांची बायको नाहीतर मेव्हणा, मदतीला जुना कंपाउंडर. बिल म्हणजे डॉक्टरांनी तोंडी सांगितलेला आकडा. गरीब दिसला तर कमी, बागायतदार दिसला तर जास्त. दिल्लीच्या एम्समध्ये १९६० च्या दशकातच रुग्णालय प्रशासनाची पदवी सुरू झाली होती, नंतर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतही. पण आष्ट्यातनं तिकडं कोण जाणार? आणि शिकून आला असता तरी त्याला ठेवलं कुणी असतं?

हे बदललं ते सरकारी योजनेनं. १९९७ ची जीवनदायी योजना मोजक्या आजारांपुरती होती. जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना आधी आठ जिल्ह्यांत आली, त्यात आपण नव्हतो. नोव्हेंबर २०१३ ला ती राज्यभर झाली. कुटुंबाला वर्षाला दीड लाख, ९७१ उपचार, पेशंटनं रोख द्यायचे नाहीत. २०१७ ला तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, २०२३ च्या निर्णयानं संरक्षण ५ लाखांवर आणि उपचार १,३५६ वर गेले.

यातली खरी उलथापालथ कागदाची आहे. ऑपरेशनच्या आधी मंजुरी, प्रत्येक उपचाराचं ठरलेलं पॅकेज, ठरलेले रिपोर्ट, फोटो, रेशनकार्ड, आधार, शेवटी डिस्चार्जचे कागद. एक राहिला की फाईल परत. पैसे अडकतात दवाखान्याचे आणि खाट अडवून बसतो पेशंट. योजनेकडनं आरोग्यमित्र बसला, तसं दवाखान्यालाही आपला माणूस बसवावा लागला. मेव्हण्याचं काम राहिलं नाही हे.

कोरोनात ते उघडंच पडलं. मे २०२० मध्ये सरकारनं खासगी दवाखान्यांचे दर बांधले : साधी खाट दिवसाला ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटर ९,००० रुपये. बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमले गेले. बिल म्हणजे दाखवता आलं पाहिजे असा कागद, हे बऱ्याच जणांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

माझा अनुभव त्याआधीचा. चुलत्यांना हृदयाचा त्रास झाला, एका दवाखान्यात नेलं. रेशनकार्डावर नाव एक, आधारवर दुसरं. खिडकीतला पोरगा नवा होता, म्हणाला, योजनेत बसत नाही, पैसे भरा. चुलतभावानं म्हैस विकायची तयारी केली. शेवटी दुसऱ्या दवाखान्यात फाईली बघणाऱ्या ओळखीच्या बाईंना फोन लावला. कोणता कागद जोडायचा ते त्यांनी सांगितलं आणि संध्याकाळी मंजुरी आली. म्हैस गोठ्यातच राहिली. त्या बाई साध्या बी.कॉम. आहेत, कुठला डिप्लोमा नाही.

आता पगाराचं. ओळखीची जी पोरं सांगली-मिरजेत या कामात आहेत, ती १० ते १४ हजारावर लागली. चार-पाच वर्षं टिकून क्लेमचं काम अंगवळणी पडलेल्यांना २५ च्या पुढं मिळतं, पुण्यात जास्त, पण तिथं खोलीचं भाडं आहेच. म्हणजे नोकरी आहे, ती वाढणारही आहे, पण सुरुवातीचा पगार कोर्सच्या फीला लाजवतो. फाईल परत गेली की दवाखान्याचं लाखाचं नुकसान, आणि ती वाचवणाऱ्याला महिना बारा हजार! हे काही मला पटत नाही.

आणि लागतं काय? कॉम्प्युटर येतोच आजकाल सगळ्यांना. डॉक्टरांचं इंग्रजी अक्षर लावता आलं पाहिजे, पॅकेजची यादी पाठ पाहिजे. मिरजेत कन्नड समजलं तर निम्मं काम हलकं, सीमेपलीकडचे पेशंट रोज असतात. आणि खिडकीपुढं ओरडणाऱ्या माणसाला, तो ओरडतोय का हे ओळखून, शांतपणे उत्तर देता आलं पाहिजे. हे कुठल्या पत्रकात छापलेलं बघितलं नाही मी.

वहिनींना म्हटलं, फी भरायच्या आधी पोरीला घेऊन मिरजेला जा. दुपारच्या डिस्चार्जच्या वेळी बिलिंगच्या खिडकीजवळ तासभर उभ्या राहा, आत बसलेल्या मुलीला पगार विचारा. सोमवारी निघायचं ठरलंय. सकाळच्या एसटीनं मीपण जातोय सोबत.