कुत्र्याला आधीच माहीत असतं

1930 साली अमेरिकेतल्या मॅस्कॉट पिक्चर्सने ‘द लोन डिफेंडर’ ही बारा भागांची चित्रमालिका काढली. सोन्याच्या खाणीपायी मालकाचा खून होतो आणि खाणीची वाट ठाऊक असते फक्त त्याच्या कुत्र्याला. कुत्रा म्हणजे रिन टिन टिन, मूकपटांचा मोठा स्टार. बोलपट आले, वॉर्नर ब्रदर्सने त्याला सोडलं आणि तो मॅस्कॉटसारख्या कमी पैशांत झटपट सिनेमे काढणाऱ्या कंपनीकडे आला. न बोलणाऱ्या नटाचा भाव उतरला होता.

मुंबईत हेच गणित उलटं पडलं. 1933 मध्ये जेबीएच आणि होमी या वाडिया भावांनी वाडिया मुव्हीटोन सुरू केली. 1935 च्या ‘हंटरवाली’ने फिअरलेस नादियाला स्टार केलं. तिच्या स्टंटपटांमधला पंजाब का बेटा हा घोडा आणि गनबोट हा कुत्राही लोकांचे लाडके झाले. बोलपटाने प्रेक्षक भाषेवारी वाटले होते. कुत्र्याच्या झेपेला भाषांतर लागत नव्हतं.

मी बिरसीचा. आमच्याकडे एकाच टपरीवर मराठी, हिंदी, पोवारी कानावर पडते, म्हणून हे मला लगेच पटतं. स्टंटपटांना ‘पिटातल्या लोकांची करमणूक’ म्हणून नाकं मुरडली गेली. पण रहस्यकथेतला कुत्रा खलनायकाला सगळ्यांच्या आधी ओळखतो, भुंकतो, आणि त्याचं कोणी ऐकत नाही. स्वस्त तिकिटावर बसलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नव्हती. खरं माहीत असूनही आपलं कोणी ऐकत नाही, हे तो रोजच अनुभवत होता. पडद्यावर निदान शेवटी कुत्रा खरा ठरायचा.