घोटभर दुधाची परीक्षा

दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला दूध आता सोसतं का, याचा पक्का निकाल देणारी चाचणी एकच आहे: त्याला दूध पाजून पाहणं. रक्ताचा अहवाल, कातडीवरची टोचणी, आईवडिलांनी सांगितलेली हकिगत यांवरून अंदाज बांधता येतो. निकाल मात्र दूध पोटात गेल्यावरच लागतो. ऐकायला सोपी वाटणारी ही गोष्ट करायला जोखमीची आहे. ज्या पदार्थाने एखाद्या लेकराचा श्वास कोंडू शकतो, तोच पदार्थ त्याला जाणूनबुजून द्यायचा, आणि तरीही त्याच्या जिवाला धक्का लागू द्यायचा नाही. डॉक्टर तिला ‘ओरल फूड चॅलेंज’ म्हणतात. आजचं रूप घ्यायला या चाचणीला शंभरएक वर्षं लागली, आणि तिचा प्रत्येक नियम कुठल्या तरी फसगतीतून शिकून घालून दिलेला आहे.

एकाचं अन्न दुसऱ्याला बाधतं, हे निरीक्षण जुनं. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत चीजचं उदाहरण आहे: काही जण ते पोटभर खाऊनही ठणठणीत राहतात, काहींना त्याने त्रास होतो. पण हे का होतं, याचा धागा विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हाती लागला. चार्ल्स रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्री जीवांच्या विषावर कुत्र्यांमध्ये प्रयोग केले. पहिल्या मात्रेतून सावरलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी पुन्हा थोडं विष दिलं, तर तो काही मिनिटांत दगावला. पहिल्या मात्रेने शरीराला संरक्षण मिळायच्या ऐवजी ते अधिकच हळवं झालं होतं. १९०२ साली त्यांनी या प्रकाराला ‘ॲनाफिलॅक्सिस’ असं नाव दिलं. रिशेंना त्यासाठी १९१३ चं नोबेल पारितोषिक मिळालं. दरम्यान १९०६ मध्ये व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ‘ॲलर्जी’ ही संज्ञा रूढ केली.

अन्न अगदी थोड्या मात्रेपासून चढवत नेण्याची कल्पना यानंतर लगेचच दिसते. १९०८ साली आल्फ्रेड स्कोफील्ड या इंग्रज डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये तेरा वर्षांच्या एका मुलाची हकिगत छापली. त्याला अंडं अजिबात सोसत नसे. स्कोफील्डनी अंड्याचा दहा हजारावा भाग असलेल्या गोळ्या करवून घेतल्या, रोज देता देता मात्रा हळूहळू वाढवली, आणि काही महिन्यांत तो मुलगा अंडं खाऊ लागला. हा उपचार होता, परीक्षा नव्हती. पण आजच्या परीक्षेचा कणा असलेलं सूत्र त्यात होतंच: सुरुवात इतक्या थोड्यापासून करायची की शरीर बिथरलंच तरी ते सावरता यावं.

१९१२ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. ऑस्कर श्लॉस यांनी दुसरी वाट दाखवली. अंडं, बदाम आणि ओट्स न सोसणाऱ्या एका मुलाच्या कातडीवर बारीक ओरखडे काढून त्यांवर निरनिराळे पदार्थ लावले. जो बाधत होता तिथेच गांध उठली. अन्न पोटात न जाता उत्तर मिळतंय म्हटल्यावर डॉक्टर सुखावले आणि पुढच्या काही दशकांत त्वचाचाचणीवर विसंबून मुलांची पथ्यं ठरू लागली. पण तिची मर्यादाही उघड होत गेली. गांध उठूनही तो पदार्थ आनंदाने खाणारी मुलं पुष्कळ निघाली. शरीराने एखाद्या पदार्थाची ‘ओळख’ ठेवली आहे एवढंच गांध सांगते; तो खाल्ल्यावर शरीर बिथरेल की नाही, हे ती खात्रीने सांगत नाही. या फरकाकडे दुर्लक्ष झालं, आणि अनेक मुलांच्या ताटातून दूध, अंडी, गहू विनाकारण बाजूला झाले. वाढत्या वयाच्या मुलाचं दूध कारण नसताना तोडलं, तर तीही इजाच.

मग पुन्हा खाऊ घालूनच पाहायचं ठरलं, पण आता शिस्तीने. १९५० साली अमेरिकेतल्या डॉ. मेरी लव्हलेस यांनी दुधाची ‘झाकलेली’ चाचणी केली: दूध दुसऱ्या पदार्थात असं मिसळायचं की खाणाऱ्याला ते कळू नये. दूध बाधतं असं ज्यांना ठाम वाटत होतं, त्यांच्यापैकी काहींना नकळत दिलेल्या दुधाने काहीच झालं नाही. मनातली धास्तीसुद्धा पोटात कळा आणू शकते, हे त्यातून दिसलं.

टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला डॉ. आर्मंड गोल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दुधाच्या ॲलर्जीसाठी कसोट्याच घालून दिल्या. दूध बंद केल्यावर त्रास थांबला पाहिजे. पुन्हा दिल्यावर ४८ तासांच्या आत तो परतला पाहिजे. असं तीनदा, सारख्याच तऱ्हेने घडलं पाहिजे. आणि दर वेळी दूध थांबवताच त्रासही ओसरला पाहिजे. त्यांनी दुधातली निरनिराळी प्रथिनंही वेगवेगळी देऊन पाहिली. दूध नासवलं की चोथा आणि पाणी वेगळं होतं. चोथ्यात मुख्यतः केसीन असतं, दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के. पाण्यात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनसारखी व्हे प्रथिनं राहतात. कुणाला एक बाधत होतं, कुणाला दुसरं, कुणाला दोन्ही. ‘दुधाची ॲलर्जी’ हे एकच नाव असलं, तरी मुलागणिक ती वेगळी होती. गोल्डमन यांच्या कसोट्यांनी निदानाला शिस्त आली. पण ज्या मुलाचा घसा सुजतो, रक्तदाब घसरतो, त्याला तीन-तीनदा त्या दारात नेणं कुणाही डॉक्टरला परवडणारं नव्हतं. शिवाय आई, मूल, डॉक्टर या सर्वांना आज दूध दिलंय हे ठाऊक असे.

ही दुसरी उणीव कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहरात भरून निघाली. याच शहरात १९६६ मध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने ॲलर्जीला कारण होणारं प्रतिपिंड शोधलं होतं, ज्याला आज आयजीई म्हणतात. तिथल्या नॅशनल ज्यूइश हॉस्पिटलमध्ये डॉ. चार्ल्स मे यांनी १९७६ मध्ये दम्याच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. संशयित अन्नाची पूड अपारदर्शक कॅप्सूलमध्ये भरायची, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या कॅप्सूलमध्ये निरुपद्रवी पदार्थ भरायचा, आणि कोणत्या वेळी कोणती दिली हे मुलाला, घरच्यांना आणि पाहणाऱ्या डॉक्टरांनाही कळू द्यायचं नाही. घरच्यांच्या सांगण्यावरून जितक्या मुलांना अन्न बाधत होतं, त्यांतल्या बऱ्याच जणांना या परीक्षेत काहीच झालं नाही. मे यांच्यासोबत काम केलेले डॉ. ॲलन बॉक यांनी ही पद्धत पुढे नेली आणि दोन्ही बाजूंनी झाकलेली ही चाचणी अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानातली सर्वोच्च कसोटी ठरली. आजही ती तशीच मानली जाते.

याच सुमारास आणखी एक प्रश्न सुटला. दुधाची ॲलर्जी जन्मभराची का? डेन्मार्कमधल्या ओडेन्सेला १९८५ मध्ये जन्मलेल्या १,७४९ बाळांचा पाठपुरावा करून होस्ट आणि हाल्केन यांनी १९९० मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांपैकी सुमारे २.२ टक्के बाळांना पहिल्या वर्षात दुधाची ॲलर्जी होती. पण त्यांच्यातल्या ५६ टक्क्यांना एका वर्षाच्या वयात, ७७ टक्क्यांना दोन आणि ८७ टक्क्यांना तीन वर्षांच्या वयात दूध सोसू लागलं होतं. इतर ठिकाणच्या, विशेषतः रक्तात आयजीई जास्त असलेल्या मुलांत हे वय बरंच पुढे जातं. तरी बहुतेक मुलं केव्हा ना केव्हा यातून बाहेर पडतात. म्हणूनच ही चाचणी निदानाच्या वेळी एकदा करून संपत नाही; ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. एरवी बरं झालेलं मूलही वर्षानुवर्षं पथ्यावर राहतं.

उरलेला प्रश्न होता मात्रेचा. प्रत्येक रुग्णालयाचं माप वेगळं होतं. २०१२ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या तज्ज्ञांनी मिळून एक समान पायरीक्रम सुचवला, प्रथिनाच्या वजनावर बेतलेला: ३, १०, ३०, १००, ३००, १,००० आणि ३,००० मिलिग्रॅम. गाईच्या दुधात शंभर मिलिलिटरला साधारण सव्वातीन ग्रॅम प्रथिन धरलं, तर पहिली मात्रा जेमतेम दोन थेंब होते आणि शेवटची सुमारे ९० मिलिलिटर. म्हशीच्या दुधात प्रथिन जास्त, म्हणून हिशेब वाटीने नव्हे, प्रथिनाने करायचा. दोन मात्रांमध्ये किमान वीस मिनिटं थांबायचं. मोठी प्रतिक्रिया यायची असेल तर ती बहुधा आधीच्या छोट्या मात्रेवर एखादी गांध, ओठांची खाज, अचानक गप्प होणं, उलटी अशी खूण दाखवते. ती खूण दिसायला वेळ मिळावा, यासाठी ही वीस मिनिटं.

चाचणीच्या दिवशी मूल ठणठणीत हवं: ताप नको, सर्दीखोकला नको, दमा असेल तर तो आटोक्यात हवा. ॲलर्जीची औषधं आधी काही दिवस बंद ठेवतात, नाहीतर ती सुरुवातीच्या खुणा झाकून टाकतात. मुलाचं वजन करून ॲड्रेनॅलिन या तातडीच्या औषधाची मात्रा, किलोला ०.०१ मिलिग्रॅम, आधीच काढून ठेवतात, म्हणजे गरज पडताच मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत ते देता येतं. ठोस लक्षण दिसलं की चाचणी तिथेच थांबते. शेवटच्या मात्रेनंतरही दोनेक तास मुलाला नजरेखाली ठेवतात. काही बाळांना दूध प्यायल्यावर एक ते चार तासांनी उलट्यांमागून उलट्या होऊन ती गळून जातात. या प्रकारात रक्ताचा आणि कातडीचा अहवाल बहुधा स्वच्छच येतो, म्हणून त्यांना अधिक वेळ थांबवावं लागतं.

एकविसाव्या शतकात या परीक्षेला एक नवी पायरी मिळाली. शिजवल्याने अन्नाचं शरीराशी नातं बदलतं, याची चुणूक १९२१ मध्येच मिळाली होती: ब्रेस्लाऊ शहरातल्या डॉ. हाइन्झ क्युस्टनर यांना शिजवलेला मासा बाधत असे, कच्चा नाही. दुधाच्या बाबतीत गोष्ट उलटी निघाली. २००८ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात डॉ. अ‍ॅना नोवाक-वेग्झिन आणि सहकाऱ्यांनी शंभर मुलांना दूध घालून भाजलेला मफिन देऊन पाहिला, सुमारे १८० अंशांवर अर्धा तास भाजलेला. सुमारे तीन-चतुर्थांश मुलांना तो सोसला. गव्हाच्या पिठात अडकून, खूप वेळ कडक आचेत राहून दुधातल्या काही प्रथिनांचं रूप बदलतं, त्यामुळे हे शक्य होतं. पण ज्यांना तो सोसला नाही, त्यांच्यातल्या काहींना ॲड्रेनॅलिन द्यावं लागलं, हेही त्याच अभ्यासात नोंदलेलं आहे.

या शोधातूनच ब्रिटनमध्ये ‘दुधाची शिडी’ आली. कॅरिना व्हेंटर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये बारा पायऱ्यांची शिडी मांडली आणि २०१७ मध्ये ती सहा पायऱ्यांवर आणली: बिस्कीट, मफिन, पॅनकेक, चीज, दही आणि शेवटी दूध. ती मुळात उशिरा आणि सौम्य त्रास होणाऱ्या मुलांसाठी होती, डॉक्टरांच्या सल्ल्याने घरी चढण्यासाठी. पुढे काही देशांत निवडक, सौम्य आयजीई-ॲलर्जीच्या मुलांसाठीही ती वापरात आली. पण शिडी म्हणजे परवाना नव्हे. २०१७ मध्ये अमेरिकेत भाजलेल्या दुधाच्याच चाचणीदरम्यान, रुग्णालयात, एका लहान मुलाचा मृत्यू झाला. तज्ज्ञांच्या हाताखालीही हे घडू शकतं, तर घरच्या ओट्यापाशी काय होईल, याचा विचार प्रत्येक पालकाने करावा.

आपल्या घरांत हा विचार विशेष हवा. कारण दूध आपल्याकडे अन्नाबरोबर प्रसादही असतं. ‘चमचाभर पंचामृताने काय होतंय’, ‘बोटाला लावून चाटव’, हे प्रेमानेच सांगितलं जातं. त्या चमच्यात चाचणीच्या पहिल्या मात्रेच्या कितीतरी पट दूध असू शकतं. आपण दूध उकळतो, म्हणून ते निर्धोक होतं असंही नाही; केसीन उकळीला दाद देत नाही. पेढा आणि खवा आटवलेले असले तरी त्यांत पीठ नसतं आणि दूध मात्र दाट असतं, तेव्हा त्यांना मफिनच्या पायरीवर बसवू नये. म्हशीचं किंवा शेळीचं दूध हाही उपाय नाही, कारण गाईचं बाधणाऱ्या बहुतेक मुलांना तेही बाधतं. आणि दूध प्यायल्यावर नुसते गॅसेस व जुलाब होणं, म्हणजे दुधातली साखर न पचणं, हा निराळा प्रकार आहे. त्याचा ॲलर्जीशी संबंध नाही.

तेव्हा ज्या घरात असं लेकरू आहे त्यांना एवढंच सांगणं: पाकिटावरची ॲलर्जीची सूचना दर वेळी वाचा, २०२० च्या नियमांनुसार भारतात दुधाचा उल्लेख तिथे करावाच लागतो. रक्ताच्या एका आकड्यावरून मुलाचं दूध कायमचं तोडू नका आणि कुणाच्या आग्रहावरून ते घरी चाखवूही नका. वर्षा-दीड वर्षाने बालरोगतज्ज्ञांना किंवा ॲलर्जीतज्ज्ञांना स्वतःहून विचारा, ‘आता परीक्षा घ्यायची वेळ झाली का?’ घ्यायची ठरली तर ती ॲड्रेनॅलिन आणि ते देणारे हात जवळ असतील अशा ठिकाणीच घ्या. आणि मूल त्या परीक्षेत उतरलं, तर दूध पुन्हा बंद करू नका. जे सोसतं ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नेमाने द्या.