एका क्रमिक पुस्तकाचा बत्तीस वर्षांचा खटला

१९४५ च्या शरद ऋतूत, पराभवानंतर अवघ्या काही आठवड्यांत, जपानमधील शाळकरी मुलांवर एक विलक्षण काम येऊन पडले. शिक्षक पान आणि ओळ सांगत; मुले कुंचला शाईत बुडवून तेवढा मजकूर काळा करीत. कालपर्यंत ज्या ओळी आदराने मोठ्याने वाचवून घेतल्या जात, त्याच ओळी, त्याच वर्गात, त्याच शिक्षकांच्या सांगण्यावरून.

डिसेंबरअखेर जनरल मॅकआर्थर यांच्या प्रशासनाने इतिहासाचे अध्यापनच थांबवले. १९४६ मध्ये ते पुन्हा सुरू झाले ते 'कुनि नो आयुमि' या नव्या पुस्तकानिशी. जुन्या पुस्तकांचा आरंभ देवकथांनी होई, याचा अश्मयुगाने. त्याच्या लेखकांपैकी एक होते साबुरो इएनागा. युद्धकाळात आपण गप्प राहिलो, ही खंत त्यांना आयुष्यभर होती.

पुढे इएनागांनी हायस्कूलसाठी जपानचा इतिहास लिहिला. क्रमिक पुस्तक वर्गात जाण्यापूर्वी शिक्षण मंत्रालयाच्या तपासणीतून जावे लागे. १९६३ मध्ये त्यांचे हस्तलिखित नाकारले गेले. पुढच्या वर्षी सुमारे तीनशे दुरुस्त्यांच्या अटीवर मान्य झाले. युद्धाचे चित्र फार काळवंडलेले आहे, हा एक प्रमुख आक्षेप. (ते उजळ कसे रंगवावे, हा प्रश्न उरतोच.) १९६५ मध्ये इएनागांनी सरकारवर दावा लावला: ही तपासणी म्हणजे राज्यघटनेने निषिद्ध ठरवलेली सेन्सॉरशिप आहे.

एकाचे तीन दावे झाले. १९७० मध्ये दुसऱ्या दाव्यात टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. वरच्या न्यायालयांत ते यश टिकले नाही.

तिसरा दावा १९८४ चा. त्यातील सर्वांत बोलका वाद '७३१ क्रमांकाच्या तुकडी'चा. मांचुरियात हार्बिनजवळ या लष्करी तुकडीने जिवंत कैद्यांवर जंतूंचे प्रयोग केले. इएनागांनी ते लिहिले. विश्वसनीय संशोधन अद्याप पुरेसे नाही, सबब मजकूर गाळावा, असे मंत्रालयाने बजावले. वरवर पाहता हा आक्षेप विद्वत्तेचाच वाटतो. परंतु शरणागतीच्या सुमारास तुकडीने आपला तळ स्वतःच उद्ध्वस्त केला होता, आणि प्रयोगांच्या माहितीच्या मोबदल्यात अमेरिकेने तिच्या प्रमुखांना खटल्यांतून वाचवले होते. ज्यांनी पुरावा नष्ट केला, त्यांच्याच बाजूने पुराव्याचा अभाव साक्षीला उभा राहिला.

२९ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मजकूर गाळायला लावणे बेकायदा ठरवले आणि इएनागांना एकूण चार लाख येन भरपाई देवविली. ते तेव्हा ८३ वर्षांचे होते. पहिला दावा दाखल झाला त्या वर्षी हायस्कूलच्या बाकावर बसलेला सोळा वर्षांचा विद्यार्थी ४८ वर्षांचा झाला होता.

तपासणीची पद्धत मात्र घटनाबाह्य नाही, असेही त्याच निकालात म्हटले होते. ती आजही चालू आहे.