जास्तीचे व्होल्ट जातात कुठे?



गावाकडच्या घरात फ्रीजशेजारी ठेवलेला स्टॅबिलायझर तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की दिवे मंद व्हायचे आणि त्या डब्यातून टक्-टक् आवाज यायचा. इथे पोर्टलीशमध्ये तसा डबा कुणाच्या घरात दिसत नाही, कारण सॉकेटमधला दाब सहसा हलत नाही. पण तुमच्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी आर्डुइनो आणलं असेल, तर त्या बोर्डावर स्टॅबिलायझरचा एक छोटा भाऊबंद बसलेला आहे. त्याचं नाव व्होल्टेज रेग्युलेटर. आज त्याचा इतिहास सांगतो, कारण तो कळला की दुकानातल्या दहा प्रकारांतून नेमका कुठला घ्यायचा हेही कळतं.

मायक्रोकंट्रोलरला लागतात ५ किंवा ३.३ व्होल्ट, तेही न डगमगणारे. आपल्या हाताशी असतो १२ व्होल्टचा अडॅप्टर, नाहीतर ९ व्होल्टची बॅटरी. पूर्वी कॉम्प्युटरमध्ये एकच मोठा पॉवर सप्लाय असे आणि त्यातून सगळ्या कार्डांना वीज जाई. लांबच्या कार्डापर्यंत पोहोचताना दाब उतरे आणि एका कार्डाची खळबळ दुसऱ्याला जाणवे. अमेरिकेत नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीत काम करणाऱ्या बॉब विडलर यांनी १९७०च्या सुमारास यावर उत्तर काढलं. प्रत्येक कार्डावर आपला आपला रेग्युलेटर ठेवायचा! त्यांच्या एलएम१०९ या चिपला तीनच टोकं होती: वीज आत, वीज बाहेर आणि जमीन. बाहेर ठरलेले ५ व्होल्ट. चिप फार तापली तर ती स्वतःच बंद पडणार, ही सोयही आतच केलेली होती.

त्याच पठडीतली ७८०५ ही चिप पुढे घरोघरी पोहोचली. नावातले शेवटचे दोन आकडे म्हणजे बाहेर मिळणारे व्होल्ट. ७८१२ घेतली तर १२. मग १९७६मध्ये नॅशनलमध्येच बॉब डॉबकिन यांनी एलएम३१७ केली. तिला दोन रेझिस्टर जोडले की हवा तो दाब ठरवता येतो. आज पन्नास वर्षांनीही ती दुकानात मिळते.

आता आपल्या एम-७ रस्त्याकडे या. पोर्टलीशहून पश्चिमेला निघालात की रस्ता लिमरिकला पोहोचतो. तिथे १९७६मध्येच अ‍ॅनालॉग डिव्हायसेस ही कंपनी आली. इकडे डॉबकिन आणि विडलर यांनी रॉबर्ट स्वॉन्सन यांच्याबरोबर १९८१मध्ये लिनियर टेक्नॉलॉजी काढली, आणि २०१७मध्ये अ‍ॅनालॉग डिव्हायसेसने ती विकत घेतली. म्हणजे या घराण्याची एक शाखा आज आपल्या शेजारच्या शहरात नांदते आहे.

रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, डब्लिनच्या अलीकडे लीक्सलिप. तिथल्या इंटेलच्या लोकांनी क्वार्क नावाचा छोटा प्रोसेसर घडवला आणि २०१३मध्ये तो बसवलेलं गॅलिलिओ हे बोर्ड जाहीर झालं. आर्डुइनोच्या जोडकार्डांना चालणारं. गंमत अशी की आर्डुइनो उनोच्या गोल सॉकेटमध्ये ७ ते १२ व्होल्ट द्यावेत असं सांगतात. गॅलिलिओच्या पहिल्या आवृत्तीला तशाच गोल सॉकेटमधून फक्त ५ व्होल्ट चालत. पिन सहज बसते, पण १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर बोर्ड जाऊ शकतं. २०१४मध्ये दुसरी आवृत्ती आली, तिला ७ ते १५ व्होल्ट चालू लागले. प्रोसेसर तोच राहिला, पण वीज आत घेण्याची व्यवस्था बदलावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीलाही या छोट्या भागाकडे परत यावं लागलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मग निवड कशी करायची? मी आयटीत आहे आणि एमबीए करताना एक सवय लागली: वस्तूची किंमत बघण्याआधी ती वापरताना रोज काय खाते ते बघायचं. इथे प्रश्न दोन. जास्तीचे व्होल्ट जातात कुठे? आणि रेग्युलेटर स्वतः किती खातो?

एक उदाहरण घेऊ. तुमच्या मुलाने पाण्याच्या टाकीची पातळी सांगणारं यंत्र केलं आणि सुट्टीत ते अकोल्याला आजीकडे बसवायचं ठरलं. अडॅप्टर १२ व्होल्टचा, रेग्युलेटर ७८०५, सर्किट घेतं २०० मिलिअँपिअर. वरचे ७ व्होल्ट ७८०५ कुठे साठवत नाही, त्यांची उष्णता करते. ७ गुणिले ०.२ म्हणजे १.४ वॅट. आणि सर्किटला मिळतो १ वॅट! उष्णता पसरवणारा पत्रा लावला नसेल, तर या आकाराची चिप दर वॅटमागे सुमारे ६५ अंशांनी तापते. म्हणजे ९१ अंश. पोर्टलीशच्या २० अंशांच्या खोलीत चिपच्या आत १११ होतात आणि मर्यादा १२५ची, म्हणून टेबलावर सगळं सुरळीत चालतं. अकोल्यात मे महिन्यात ४४ अंश असले तर १३५. गच्चीवरच्या बंद डब्यात त्याहून जास्त. चिप स्वतःला वाचवायला बंद पडते, थंड झाली की चालू होते, आणि आजी फोनवर म्हणते, "अरे बाळा, तुझं यंत्र दुपारचं झोपतं रे!" प्रोग्राममध्ये चूक शोधून उपयोग नाही, तिथे चूक नाहीच.

अशा ठिकाणी स्विचिंग रेग्युलेटर घ्यावा. बाजारात तो बक कन्व्हर्टर या नावाने तयार मिळतो. तो वीज वेगाने चालू-बंद करतो आणि मधल्या कॉइलमधून ती हव्या दाबाने पुढे देतो, त्यामुळे बरीच कमी वाया जाते. त्या चालू-बंदचा थोडा गोंगाट बाहेर येतो. नाजूक सेन्सर असेल तर बकच्या पुढे एक साधा रेग्युलेटर जोडावा.

बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राचा हिशेब वेगळा. ७८०५ स्वतःच सुमारे ५ मिलिअँपिअर खाते, मायक्रोकंट्रोलर झोपला तरीही. ९ व्होल्टची बॅटरी साधारण ५०० मिलिअँपिअर-तासांची धरली तर १०० तासांत, म्हणजे चार दिवसांत, नुसत्या पहारेकऱ्याने घर खाल्लं! एमसीपी१७०० ही चिप १.६ मायक्रोअँपिअरवर भागवते, म्हणजे तीन हजार पटींनी कमी. पण तिला ६ व्होल्टपेक्षा जास्त देता येत नाही आणि ती २५० मिलिअँपिअरच्या वर पुरवत नाही. तीन एए सेलवर झोपून-झोपून काम करणाऱ्या सेन्सरला ती उत्तम. वायफाय वापरणाऱ्या ईएसपी३२ला मात्र निदान ५०० मिलिअँपिअरची तरतूद लागते, तिथे ती पुरणार नाही.

शेवटचा मुद्दा ड्रॉपआउटचा. ७८०५ला आत येणारा दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे २ व्होल्ट जास्त लागतो, म्हणून ५साठी निदान ७. फ्रीजजवळचा स्टॅबिलायझर दाब वाढवूही शकायचा, ही चिप फक्त कमी करते. लिथियम सेल ४.२ व्होल्टपासून ३ पर्यंत उतरतो. त्यावरून ३.३ हवे असतील तर अगदी थोड्या फरकावर चालणारा लो-ड्रॉपआउट रेग्युलेटर लागतो. आणि त्याच्या माहितीपत्रकात सांगितलेला कपॅसिटर बाहेरच्या बाजूला लावायलाच हवा, नाहीतर दाब स्थिर राहत नाही.

तेव्हा मंडळी, मुलं चिप मागवायला बसली की किंमत बघण्याआधी त्यांच्याकडून कागदावर चार आकडे लिहून घ्या: आत किती व्होल्ट, बाहेर किती, जास्तीत जास्त करंट किती, आणि झोपेत किती. पाचवा आकडा आपण सांगायचा: यंत्र जिथे राहणार आहे त्या गावचं मे महिन्यातलं तापमान. तो पोर्टलीशमध्ये बसून मुलांना सुचणार नाही, तुम्हाला मात्र तोंडपाठ आहे.